खस यायला किती दिवस

हे कधी कोणाच्या हाती पडलं तर आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि जोडाक्षरं कुठे फुटतात, कुठे चिकटतात. अक्षर तर असं की रेशनवाल्यानं एकदा माझी सही पाहून अंगठाच लावा म्हटलं होतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा नाल्यापलीकडे होती आणि मुलींना कोणी एवढ्या लांब धाडत नसे. त्यानंतर लिहिणं म्हणजे सही, आणि कधीमधी भावाला एखादं कार्ड. पण चार माणसांत बोलायचं मला जमत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी चंद्रपूरला आले. नवरा कोळशाच्या सायडिंगवर ट्रक भरायला जायचा. आमच्या वस्तीच्या तोंडाशी कूलर बनवायचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची लांब शेड, पत्रा वाकवायचं एक यंत्र आणि मागे अंगण. त्याच्या मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. पत्र्याचं काम त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं. आधी पेट्या, कोठ्या, बादल्या करत, मग कूलर. चंद्रपुरात माणूस भाजीशिवाय उन्हाळा काढेल पण कूलरशिवाय दुपार काढणार नाही, असं ते म्हणत.

माझं काम ताट्या भरायचं. कूलरला तीन बाजूंनी ताटी लागते. दोन जाळ्यांच्या मध्ये खस दाबून भरायची आणि कडा तारेनं शिवायच्या. खस म्हणजे वाळ्याच्या मुळ्या. त्यावरून पाणी झिरपलं की हवा गार होऊन घरात येते. नागपूरकडे लाकडाचं बारीक कातलेलं गवत भरत, ते स्वस्त पडे, पण चाचांचं नाव खसवर होतं. ती खस माझ्या माहेरून यायची. माहेर मुलचेऱ्याच्या पलीकडे, रानात. तिथे तलावाच्या पाळीवर वाळा माजतो. माझा भाऊ गावच्या लोकांकडून मुळ्या खोदून, धुऊन, वाळवून घ्यायचा आणि पोती एसटीच्या टपावर टाकून पाठवायचा. मला कारखान्यात काम लागलं तेही यामुळेच.

चाचांची रीत साधी होती. वर्षभर भावाची पोती येतील तेव्हा घ्यायची आणि माळ्यावर रचायची. पत्रा स्वस्त दिसला की पत्रा घ्यायचा. गिऱ्हाईक आलं की कूलर बांधायला बसायचं. मग ऐन उन्हात कधी मोटरी संपत, कधी पंप. माळ्यावरच्या खसमध्ये उंदीर पिल्लं घालत. एका साली निम्मी खस बुरशीनं गेली, ती आम्ही बायकांनी नाकाला पदर लावून अंगणात जाळली.

त्याच साली चाचांची धाकटी मुलगी घरी परत आली. ती बी.कॉम. झाली होती आणि घुग्घुसला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काही महिने हंगामी कारकून होती. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे तिला आपा म्हणत म्हणून मीही आपाच म्हणे. ती मला भाभी म्हणायची. तिनं वडिलांकडे एक उन्हाळा मागून घेतला. कारखान्याचं काम तिनं सांगितल्याप्रमाणे चालवायचं. जमलं तर ती तिथेच बसणार. नाही जमलं तर वणीकडचं एक स्थळ येऊन थांबलं होतं, त्याला होकार द्यायचा. हे तिनंच आम्हाला सांगितलं. बापलेकीचा हा सौदा शेडमधल्या सगळ्यांना माहीत होता.

आपानं दोन काळे फळे आणून भिंतीला ठोकले. पहिल्यावर फक्त तयार कूलर, कोणत्या हप्त्यात किती बाहेर पडणार. दुसऱ्यावर पत्रा, मोटर, पाती, पंप, जाळी, खस. प्रत्येकापुढे हातात किती आहे, कमी किती पडतं आणि ते कोणत्या दिवशी मागवायचं. मी पहिल्या फळ्याकडे पाहून दुसऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, एकच गोष्ट दोनदा कशाला लिहिली. विचारायची हिंमत नव्हती. पण ती तोंडावरून ओळखायची.

"भाभी, लग्नात किती पानं उठतीन थे पह्यल्या फळ्यावर," ती म्हणाली. "तांदूळ कधी आणाचा, डाळ कधी भिजवाची, लाकडं कधी फोडाची, थे दुसऱ्यावर. पह्यला लोकायकडे पाहून लिहाचा. दुसरा फक्त पह्यल्याकडे पाहून. दुसऱ्यावर आपल्या मनाचं काईच नाई."

"अन् पाहुणे जास्त आले तं?" चाचा टाकीच्या सांध्याला कथलाचा डाक देता देता म्हणाले.

"तं त्यायले मोरच्या पंगतीत बसवाचं. येत्या दोन हप्त्यांचं पुसाचं नाई, अब्बा. त्याच्या मोरचं पाह्यजे तेवढं पुसा."

चाचांना ते कुठलं जमायला. मशिदीतून येताना कोणी ओळखीचा भेटला की ते येऊन बाहीनं आकडा पुसत आणि एक वाढवत.

"अब्बा, हा कूलर कोणत्या पत्र्यातून निघन? तुमच्या कुर्त्यातून?"

"एका कूलरनं काय होते?"

"एक कूलर म्हणजे एक मोटर, एक पंप, तीन ताट्या. भाभी, तीन ताट्या हायेत जास्तीच्या?"

मी मान हलवून नाही म्हणे. चाचा हसत, आणि आकडा पुन्हा पहिल्यासारखा करत. त्या दिवसांत शेडमध्ये काम करायला बरं वाटे. मोटरी येण्याआधी सांगाडे तयार असत आणि सांगाडे होण्याआधी पत्रा. जुन्या कूलरची फक्त ताटी बदलायला येणारे लोक कोणत्याच फळ्यातून निघत नाहीत, त्यांचा अंदाजच करावा लागतो, हे आपाच्या पहिल्याच महिन्यात ध्यानात आलं आणि तिनं खसच्या ओळीत त्यांच्यासाठी वेगळा वाटा धरला. माळा मात्र तिनं त्या साली रिकामा ठेवला. खस पाहिजे तेव्हाच मागवायची, उंदरांना आणि बुरशीला वर्षभर पोसायचं नाही, असं तिचं म्हणणं. तिचं खरंच होतं. पण त्यासाठी एक गोष्ट तिला माहीत पाहिजे होती, आणि ती फक्त मला माहीत होती.

आमच्या गावात मोह फुलायला लागला की गाव बांधतात. गावची पूजा करणाऱ्याला आम्ही भुमक म्हणतो. त्यानं सांगितलं की त्या दिवसापासून पंडुम, म्हणजे मोहाची पूजा, होईपर्यंत मातीला लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, फावडं नाही. नवा मोह वेचायचा तोही पूजेनंतरच. सगळ्याच गावांत असं असेल असं नाही. आमच्या गावात होतं आणि शेजारच्या दोन गावांतही. पूजा कधी होईल ते भुमकावर. कधी चार दिवसांत होते, कधी लांबते. चाचा वर्षभर खस घेत होते तोवर याची कधी अडचण आली नाही. ते दिवस माळ्यावरच्या साठ्यात कुठे निघून जात ते कोणाला कळलंही नाही. आता आपा माघाच्या शेवटी खस मागवणार होती, आणि गाव बांधायचा काळ नेमका तोच.

हे मी का सांगितलं नाही, ते लिहायला लाज वाटते. आदल्या उन्हाळ्यात कारखान्यात सगळ्यांसाठी पन्हं केलं होतं. मी घेतलं नाही. नवा आंबा गावदेवाला दाखवल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही, एवढंच हळूच म्हटलं. माझ्यासोबत ताट्या भरणारी एक वरोऱ्याकडची बाई होती, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "आंबा चंद्रपूरचा अन् देव मुलचेऱ्याचा. त्याले कोण सांगाले जाते?" सगळे हसले. आपा तेव्हा सुट्टीत घरी होती, तीही हसली. त्यात वाईट काही नव्हतं. पण नंतर कित्येक महिने, मी कामावर उशिरा आले की ती बाई विचारायची, "आंब्याले विचारून आली काय?"

दुसरा फळा भरताना आपा खडू घेऊन एकेकाला विचारत होती. मोटर नागपूरहून यायला किती दिवस, पत्रा किती, जाळी किती. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "भाभी, खस सांगतल्यापासून हातात याले किती दिवस?"

मी तोंड उघडलं होतं. पंडुमचं सांगणारच होते. तेवढ्यात वरोऱ्याची बाई तार कापता कापता म्हणाली, "थांबा आपा, थे झाडाले विचारून सांगन."

"आठ-दहा दिवस," मी म्हटलं.

"पक्कं?"

"हो."

आपानं ते फळ्यावर लिहिलं. आठ-दहा दिवस हे एरवी खरंच होतं. कार्तिकात खरं होतं, पौषात खरं होतं. म्हणून मला तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही.

मग घुग्घुसचं काम आलं. तिकडे एका माणसाची ट्रकवाल्यांसाठी खाणावळ होती आणि मागे राहायच्या खोल्या होत्या. त्याला सगळ्या खोल्यांना कूलर पाहिजे होते, ऊन तापायच्या आत. एवढं मोठं काम चाचांकडे आधी आलं नव्हतं. त्यानं बयाणा दिला. आपानं पहिल्या फळ्यावर त्याचे हप्ते आखले आणि मागे मागे मोजत दुसरा फळा भरला. कूलर अमुक दिवशी न्यायचे तर ताट्या त्याआधी भरून पाहिजेत, ताट्या भरायच्या तर खस त्याआधी. दहा दिवस धरले आणि वरून थोडे मोकळे ठेवले. लोकांनी एकदम कामाला लागावं म्हणून खसचे सगळे पैसे आगाऊ द्यायचं ठरवलं. पाकीट माझ्या हातात दिलं. भाऊ न्यायला आला तेव्हा मी ते त्याला दिलं.

"मोह फुलाले लागला, बाई," तो म्हणाला. मी मोठी बहीण, म्हणून तो मला बाई म्हणतो.

"गाव बांधाच्या आधी खोदून घे."

"पाहतो. पण तू त्यायले सांगतलं ना?"

"सांगतलं," मी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी भाऊ आला, पण पोती नव्हती. मी त्याला शेडच्या मागे नेलं. तो गावी पोचला त्याच दिवशी भुमकानं गाव बांधलं होतं. त्यानंतर भुमकाची आई वारली. सुतक फिटल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय कुदळ नाही.

"शेजारच्या गावातून घ्याचं."

"तिथला बी भुमक थोच."

"अन् पैसे?"

तो खाली पाहू लागला. पैसे त्यानं आधीच वाटले होते. लोकांनी आठवडी बाजारात बंगाली दुकानदाराकडून तांदूळ घेतला, कापड घेतलं. "कोणी खाऊन पळत नाई, बाई. मुळ्या देतीन. पण आता नाई देत. मी तरी कुदळ कशी लावू? तूच सांग."

त्याच्या जागी मी असते तर मीही लावली नसती.

आपानं विचारलं, भाऊ आला होता ना, पोती कुठे आहेत. त्या वेळी सगळं बोलता आलं असतं. वरोऱ्याची बाई तिथे नव्हतीसुद्धा. मी म्हटलं, "एसटीवाल्यानं टपावर घेतली नाई. दोन दिवसात येते."

"हरकत नाई," आपा म्हणाली. "दोन दिवस हायेत माझ्यापाशी. मी मोकळे ठेवले होते."

पहिल्या खोट्याला मी अजून काहीबाही कारण देऊ शकते. या दुसऱ्याला नाही. तिनं ठेवलेले मोकळे दिवस मी असे एकेक करून खाल्ले. दोन दिवसांनी पुन्हा दोन दिवस सांगितले. शेवटी ती स्वतः नागपूरला गेली, तेव्हा तिकडेही उन्हाळ्याची घाई लागली होती. लाकडाचं गवत दुप्पट भावानं थोडंसं मिळालं. जुन्या कूलरच्या ताट्या बदलायला आलेल्या लोकांनाच ते पुरलं.

शेडमध्ये घुग्घुसचे कूलर रांगेनं उभे होते. रंग दिलेला, मोटर बसवलेली, पंप टाकीत. तिन्ही बाजू उघड्या. एका बाजूनं पाहिलं की आरपार भिंतीवरचे फळे दिसत. खाणावळीचा मालक टेम्पो घेऊन आला आणि एकेका कूलरपुढे थांबत रांगेतून चालत गेला.

"चाचा, हे कूलर होय का कपाट?"

"ताट्या येऊन राह्यल्या, भाऊ. चार दिवस थांबा."

"माह्या खोल्यांत माणसं भाजून राह्यली. मी त्यायले कपाटात झोपवू काय?" तो चिडून बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. "बयाणा द्या. मी नागपूरहून नेतो."

चाचांनी आत जाऊन बयाणा आणून दिला. टेम्पो रिकामा गेला. मग चाचा फळ्यांसमोर उभे राहिले.

"माळा भरून ठेवत होतो तं उंदीर खात होते," ते म्हणाले, "पण कूलर तं जात होता."

"फळा बरोबर होता, अब्बा."

"मग खस कुठी हाय?"

आपानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला वाटलं असावं की मला काहीतरी माहीत असेल, मी काहीतरी सांगेन. मी रिकाम्या जाळीची कड तारेनं शिवत बसले होते. खाली पाहून शिवतच राहिले. चाचांनी दोन्ही फळे उतरवले. त्यांना कोणावर ओरडायची सवय नव्हती. फळे शाळेत शोभतात, एवढंच म्हणाले.

वणीच्या स्थळाला होकार गेला. पावसाळ्यानंतर आपाचं लग्न झालं. लग्नात मी पत्रावळी उचलल्या, पाणी वाढलं, दोन दिवस राबले. तिनं मला जवळ बोलावून मेंदी दाखवली. मी छान आहे म्हटलं.

खस आली ती उन्हाळा उतरल्यावर, आणि तीही अर्ध्याहून कमी. बाकीची आलीच नाही. पुढच्या साली लोकांनी तलावाच्या पाळीचं काम काढलं आणि वाळाच उकरून फेकला. ते कूलर चाचांनी दुसऱ्या उन्हाळ्यात गंज घासून, भाव उतरवून विकले. मी एकदा त्यांना म्हटलं, आगाऊ दिलेल्यातले जे बुडाले ते मी फेडते, माझ्या मजुरीतून कापा. ते म्हणाले, "माह्याकडे काऊन देते? थे माहे नाई. तिनं लग्नासाठी ठेवलेल्यातून काढून देल्ते. मी म्हटलं होतं, नको देऊ."

ते ऐकून मी घरी गेले आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. नवरा म्हणाला, "चाचा मागत नाई, थे पोरगी मागत नाई, तू काऊन मागं लागली?" मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

आपा पहिल्या ईदला माहेरी आली तेव्हा थोडे पैसे गोळा झाले होते. अंगणात ती एकटी होती. मी पैसे पुढे केले आणि सगळं सांगितलं. पंडुम, मोह, गाव बांधणं, भाऊ, एसटीच्या टपाचं खोटं. एवढं लांब मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मध्ये तिनं एकदाही अडवलं नाही.

"तेव्हाच एक शब्द बोलल्या असत्या तं मी खस आधी मागवली असती," ती म्हणाली. "एवढंच काम होतं, भाभी. फळ्यावर खस चार घरं मागं सरकवाची."

"मले वाटलं तुमी हसान."

"हसली असती. मग लिहिलं असतं."

पैसे तिनं घेतले. मला वाटलं होतं राहू द्या म्हणेल. म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग म्हणाली, "मले सांगतलं, आता अब्बाले सांगा. त्यायले अजून वाटते का मी गुणाकार चुकली."

ते मला जमलं नाही. दर ईदला मी थोडे थोडे पैसे नेई. भाऊही धान विकलं की जमेल तेवढे देई. आपा मोजून घेई आणि विचारी, "सांगतलं?" मी मान हलवून नाही म्हणे. पुढे तिनं विचारणं सोडलं. तिच्या कडेवर एक मूल आलं, मग दुसरं. पैसे देऊन परत येताना हलकं वाटायला पाहिजे, तर मला दर वेळी त्याच जागी परत आल्यासारखं वाटे. चाचा मात्र दुसरीकडून खस आणून माळा भरून ठेवायचे आणि ऐन उन्हात मोटरी शोधत फिरायचे. आता दुकानात प्लास्टिकचे तयार कूलरही येऊ लागले होते, आणि थांबायला गिऱ्हाईक राजी नसे. एखादा परत गेला की चाचा फडक्यानं तोच कूलर पुसत बसत. अशा वेळी मी त्यांच्यापासून चार हातांवर ताटी शिवत असे.

सांगितलं ते एका साध्या दिवशी. वरोऱ्याची बाई तोवर काम सोडून गेली होती. चाचा टाकीला डाक देत होते, मी ताट्या मोजून ठेवत होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून त्यांनी मला टाकी धरायला बोलावलं. दोन्ही हात टाकीला होते, पदर तोंडावर ओढता येत नव्हता. मी म्हटलं, "चाचा, त्या साली खस का नाई आली थे सांगाचं हाय." आणि सांगितलं. डाक थंड होऊन टाकीच्या कडेवर तसाच राहिला.

चाचा म्हणाले, "तिले माहीत हाय?"

"पह्यल्या ईदपासून."

"अन् तिनं मले सांगतलं नाई."

"मले म्हणे, तुमी सांगा."

त्यांनी डाक पुन्हा तापवला आणि कड पुरी केली. मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. संध्याकाळी जाताना फक्त एवढं म्हणाले, "मी तिले एकदा बी नाई विचारलं, का बेटी, काय झालं. फळे उतरवून टाकले." ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही.

त्यानंतरच्या ईदला आपा आली. मी गेले तेव्हा चाचा ओसरीत बसले होते आणि ती शेवयांच्या वाट्या भरत होती. मला पाहून तिनं एक वाटी माझ्याही पुढे ठेवली. चाचांनी तिला विचारलं, "यंदा किती कूलर बसवू? तू हिशेब करून देते काय?"

"मी पाहुणी हाव, अब्बा," ती म्हणाली. "परवा जातो मी. त्यायचं दुकान हाय, पोरायची शाळा हाय."

चाचांनी मान हलवली आणि शेवया खाऊ लागले. ती रागावली नव्हती. खरं तेच बोलली होती. मी वाटी तशीच धरून बसले. ओसरीच्या कडेला धाकटं पोर रांगत होतं. तिनं त्याला उचलून आजोबांच्या मांडीवर दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

मी रुमालाची गाठ सोडली. त्या साली भावाचे आणि माझे मिळून जेवढे राहिले होते तेवढे सगळे होते. तिनं नोटा मांडीवर ठेवून एकेक मोजल्या. एक नोट फाटकी होती, ती उजेडाकडे धरून पाहिली आणि चालते म्हणून बाकीच्यांत ठेवली.

"पुरे झाले, भाभी," ती म्हणाली. "आता काई राह्यलं नाई."

पैसे तिनं पर्समध्ये ठेवले. मी शेवया खाल्ल्या, वाटी विसळून ठेवली आणि घरी आले.